एकमताचा घोळ

"माझं आणि माझ्या बायकोचं सगळ्या संसारात इतकं कधी जुळलं नाही," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी तो तक्ता गुलनूशसमोर परत सरकवला. "कोण आहेत हे दोघं? देवदूत?"

गुलनूश बिचारी तक्ता हसत हसत घेऊन आली होती. तिचं हसू तिथंच विरलं. मी खिडकीपाशी चहाच्या समोवारमध्ये पाणी भरत होते आणि खरं सांगते, मला उस्तादांचा रागच आला. एवढं जुळलंय तर आनंद माना की! पण थोड्या वेळाने ध्यानात आलं की उस्ताद चुकत नव्हते. मग मला माझाच राग आला, कारण ती दोन माणसं मीच शोधून आणली होती. तेहरानमधल्या अमीराबादच्या या प्रयोगशाळेत माणसं जमवण्यापासून चहा संपलाय का बघण्यापर्यंत सगळा कारभार माझा. चांगलं झालं तर उस्तादांचं, बिघडलं तर "शुकूह खानम, जरा बघता का?"

आमचं काम तसं समजायला सोपं आहे. फारसी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा भलामोठा ढीग संगणकात घातलाय. कुणी काही विचारलं की शोधयंत्राने त्या ढिगातून नेमक्या बातम्या काढून द्यायच्या. आता यंत्रं काय, ढिगाने आहेत, आणि प्रत्येकजण म्हणणार माझंच भारी. मग खरं भारी कुठलं, हे कळायला परीक्षा घ्यावी लागते. परीक्षेला प्रश्न हवेत, आणि कुठल्या प्रश्नाला कुठली बातमी लागू पडते याची पक्की उत्तरं आधीच तयार हवीत. ती उत्तरं माणसानेच द्यायची असतात. बातमी वाचायची आणि सांगायचं, लागू किंवा गैरलागू. प्रश्न, बातम्या आणि उत्तरं असा सगळा संच गुलनूशने उस्तादांच्या हाताखाली पीएचडीसाठी उभा केला होता. एकाच माणसाची लहर चालू नये म्हणून प्रत्येक बातमी दोघांनी वाचायची, तीही एकमेकांना न विचारता. अशा दोघांचं बरंचसं जुळतं आणि थोडं जुळत नाही. सगळंच जुळलं तर समजावं की कुणीतरी कुणाचं तरी बघून लिहिलंय.

"बाहेरचे परीक्षक हे पान बघतील आणि पुढचं उघडणारसुद्धा नाहीत," उस्ताद म्हणाले. "गुलनूश, हे असंच राहिलं तर मी तुला शहरीवरमध्ये तोंडी परीक्षेला बसवू शकत नाही."

"हो उस्ताद. तुम्ही म्हणाल तसं," गुलनूश म्हणाली.

तुम्ही म्हणाल तसं! मला वाटलं, साखरेचा डबा उचलून आपटावा. शहरीवर, म्हणजे उन्हाळ्याचा शेवटचा महिना, हुकला तर काय होणार होतं ते उस्तादांना ठाऊक नव्हतं, मला होतं. तिच्या गावी, रश्तच्या एका कॉलेजात तिच्या विषयाची एकुलती एक जागा निघाली होती. तिची निवडही झाली होती. अट एवढीच, शहरीवर संपायच्या आत पदवी हातात हवी, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि रश्तला तिचे बाबा एकटे. आई गेली, मागोमाग डोळेही अधू झाले. गॅस पेटलाय की नाही हे ते वर हात धरून बघतात. तेहरानला चला म्हटलं की म्हणतात, तुमची ती कोरडी हवा मला नको. हे सगळं पोरीने मला एकदा रडत रडत सांगितलं होतं आणि वर शपथ घातली होती की उस्तादांना बोलायचं नाही. का, तर त्यांच्यावर दडपण येईल! मी शपथ पाळली. आमच्याकडे सगळे असेच, एकमेकांना जपता जपता घोळ घालून ठेवणारे.

मी त्या दोघांना गाठलं. आगा दबीरियान माझे शेजारी. उभा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासण्यात गेला, बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. आणि मेहरअंगीज खानम म्हणजे माझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई, मूळच्या उरुमियेच्या. लग्न केलं नाही आणि कुणाचं ऐकलंही नाही. दोघांना दोन वेगळ्या खोल्या दिल्या होत्या, मध्ये जाडजूड भिंत. मग हे जुळत होतं कुठं?

ते चहाच्या टेबलावर जुळत होतं. मी त्या दिवशी मुद्दाम तिथं काहीबाही आवरत राहिले.

"आगा, तो पिस्त्याच्या निर्यातीचा प्रश्न," खानमनी साखरेचा खडा दाताखाली धरत विचारलं. "त्यातली ती रफसंजानच्या बागेची बातमी. तुम्ही काय दिलंत?"

"मी आपलं गैरलागू दिलं. पण माझं काय घेऊन बसलात! आपण?"

"मी लागू म्हटलं. पण बातम्यांतलं तुमच्याइतकं मला कुठलं कळायला."

"छे छे, खानम! आपण शिक्षिका. आम्ही आपल्या चपलांशी बसणारी माणसं."

"असं बोलून लाजवू नका हो मला."

चहा संपला. दोघं आपापल्या खोलीत गेले. मी आगांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्मा सावरला, ती बातमी उघडली आणि गैरलागूचं लागू केलं. मी तशीच धावत पलीकडच्या खोलीत गेले, तर तिथं खानमनी लागूचं गैरलागू करून ठेवलेलं!

मी कपाळाला हात लावला. बहुतेक वेळा एकजण चहाच्या टेबलावरच हार मानायचा आणि उत्तरं जुळायची. पण कधीकधी दोघांनाही एकदमच भीड पडायची, दोघंही आपलं मत सोडून दुसऱ्याचं धरायचे आणि तिथं मतभेद उरायचा. म्हणजे त्या तक्त्यात जे चार-दोन मतभेद दिसत होते, तेही खोटेच निघाले.

"आगा, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दुरुस्ती."

"न विचारता वाचायचं ठरलं होतं ना आपलं?"

"वाचतो न विचारताच. वाचून झाल्यावर खानमचा मान राखतो."

मान राखतो म्हणे, कप्पाळ! आधी काय दिलं होतं ते संगणकाने ठेवलेलं नव्हतं, आणि त्या दोघांना तर मुळीच आठवत नव्हतं. सगळं नव्याने वाचणं आलं. नशीब, उन्हाळा अख्खा पुढे होता.

मी उपाय काढला. आगांनी शनिवार-सोमवारी यायचं, खानमनी रविवार-मंगळवारी. भेटायचं नाही, फोन करायचा नाही. आगांना वाईट वाटलं. "आमच्या हातून काही बेअदबी झाली का?" असं त्यांनी मला जिन्यात दोनदा विचारलं. नाही म्हटलं, फक्त थोडे दिवस. थोडे दिवस गेले आणि गुलनूशने नवा तक्ता काढला. या वेळी ती हसत आली नाही.

"हे तर नाणं उडवून केल्यासारखं दिसतंय," उस्ताद म्हणाले. "आधी सगळंच जुळत होतं, आता काहीच जुळत नाही. शुकूह खानम, ही माणसं वाचतात तरी का?"

वाचत होती हो, जीव लावून वाचत होती. मी शनिवारी आगांच्या खोलीत फडताळ पुसायच्या निमित्ताने घुसले. आगा पडद्याकडे बघून पुटपुटत होते, "मला तर हे पटत नाही... पण खानम दयाळू आहेत, त्या हो म्हणतील," आणि लागू दाबलं. रविवारी खानमच्या खोलीत गेले. त्या ओठ आवळून बसलेल्या. "आहे तर विषयाला धरून. पण आगा कडक माणूस, याला नाहीच म्हणणार," आणि गैरलागू! भिंत मध्ये होती, दिवस वेगळे होते, तरी हे दोघं मनातल्या मनात एकमेकांपुढे वाकत होते. हिचं मत तो देत होता आणि त्याचं ही.

माझा तोल गेला. "बाई, तुमचं स्वतःचं मत कुठं गेलं? मला नकाशात चूक केली म्हणून वर्गाबाहेर उभं करायचात ते मत?"

"शुकूह, आवाज खाली," खानम म्हणाल्या.

आणि मी, पन्नाशीची बाई, आवाज खाली घेतला की!

पण दुसऱ्या दिवशी मी दोघांना एकत्र बोलावलं आणि गुलनूशला त्यांच्यापुढे बसवलं. तिला म्हटलं, सांग. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून सुरू झाली, "आपण माझ्यासाठी एवढे कष्ट घेताय, त्याचे उपकार मी जन्मात..."

"गुलनूश!" मी ओरडले. "ते नको. खरं सांग."

ती खाली बघून म्हणाली, "मला रश्तला जायचंय. तिथं माझी नोकरी ठरलीय. माझ्या बाबांना नीट दिसत नाही आणि त्यांच्याजवळ कुणी नाही. तुम्ही तुमची स्वतःची उत्तरं दिली नाहीत तर माझी परीक्षा होणार नाही आणि ती नोकरी जाईल. तुम्ही एकमेकांचा मान राखताय आणि माझे बाबा तिथं एकटे बसलेत. मला... मला तुमचा राग येतोय."

शेवटचं वाक्य बोलली आणि स्वतःच दचकली.

"हे आधी का नाही बोललीस?" मेहरअंगीज खानमनी विचारलं.

"तुमच्यावर दडपण येईल म्हणून."

आगा दबीरियानांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. पुसतच राहिले. "म्हणजे पोरी, तूसुद्धा आमच्यातलीच," ते म्हणाले, आणि आम्ही चौघंही हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण मला रडू येत होतं.

सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि त्यानंतरचा उन्हाळा शांत गेला. आगा आपल्या दिवशी यायचे, खानम आपल्या दिवशी. मी दुपारी टरबुजाच्या फोडी नेऊन ठेवायचे. आगा आता गैरलागू असं दाबायचे की बिचाऱ्या कळेला दुखत असेल. खानम मोठ्याने वाचायच्या आणि मध्येच बातमीदाराला झापायच्या, "अरे गाढवा, शहराचं नाव तर नीट लिही." बाहेर चिनार धुळीने माखले होते, आत पंखा गरगरत होता, आणि ढीग रोज थोडा थोडा खाली जात होता. गुलनूशने शेवटचा तक्ता उस्तादांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. बरंचसं जुळत होतं. इथंतिथं जुळत नव्हतं.

"हं," उस्ताद म्हणाले. "आता माणसं वाटतात."

तोंडी परीक्षा शहरीवरच्या शेवटच्या आठवड्यात ठरली. फळं, बिस्किटं, मिठाई, सगळं मीच मांडलं. काकड्या उस्तादांना आवडतात म्हणून जास्त ठेवल्या. आगा आणि खानम दोघांनाही बोलावलं होतं. आगा कोट घालून मागच्या रांगेत बसले, खानम त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून. त्या दिवसानंतर भेट नव्हती, त्यामुळे दोघं नुसतेच माना हलवून बसले.

बाहेरचे परीक्षक होते डॉक्टर राद. या माणसाला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गुलनूशचं सगळं ऐकून घेतलं, एक काकडी सोलली, ती न खाताच ठेवून दिली आणि म्हणाले, "गुलनूश खानम, तक्ते कुणीही करतं. असे आकडे मी घरी बसून बनवू शकतो. तुमच्या या दोन माणसांनी एकमेकांना न विचारता उत्तरं दिली, हे मी कशावरून मानायचं?"

बघा, बरोबर दुखऱ्या नसेवर बोट. गुलनूशचा चेहरा पांढरा पडला. "मी एक उदाहरण दाखवते," ती म्हणाली आणि तिने पडद्यावर एक बातमी लावली. प्रश्न होता, उरुमियेचं सरोवर का आटलं. बातमी होती काठावरच्या एका हॉटेलाची. एकाने लागू म्हटलेलं, दुसऱ्याने गैरलागू.

"आणि असं का?" डॉक्टर राद म्हणाले. "गैरलागू कुणी म्हटलं, कशासाठी म्हटलं?"

गुलनूशला ते कुठून ठाऊक असणार? ती कागद चाळायला लागली.

"माफी असावी," मागून आवाज आला. आगा दबीरियान उभे राहिले होते. "ते मी म्हटलंय. आणि आजही तेच म्हणेन."

मेहरअंगीज खानमनी मान वळवली. "ते तुम्ही होतात?"

"हो, खानम."

"मग तुम्ही बातमी वाचलेली नाही."

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. उस्तादांच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"वाचलीय," आगा म्हणाले. "पहिल्या ओळीपासून ती हॉटेलाची बातमी आहे. गिऱ्हाईक येत नाही, खोल्या ओस पडल्या. प्रश्न सरोवर का आटलं असा आहे, हॉटेल का बसलं असा नाही."

"आणि शेवटी तो नावाडी बोलतो ते? नद्या अडवल्या, चहूकडे विहिरी खणल्या! हे कारण नाही तर काय मग?"

"एका वाक्यासाठी लोकांना अख्खी बातमी वाचायला लावणार?"

"लावणार! मी त्या पाण्याच्या काठी वाढलेय. त्या बातमीत वाचण्यासारखं तेवढंच एक वाक्य आहे."

"ते आपलं पाण्यावरचं प्रेम झालं, खानम. उत्तर नाही झालं."

"आणि तुम्ही केलंत ते मुद्रित तपासणं झालं, आगा. वाचणं नाही झालं!"

आगांचे कान लालबुंद झाले. उस्ताद घाईने उठले, "मंडळी, मंडळी, कृपा करून..."

"बसा हो," डॉक्टर राद म्हणाले. "भांडू द्या त्यांना." मग गुलनूशकडे वळले. "आणि तुम्ही कुणाचं धरलंत?"

"कुणाचंच नाही," गुलनूश म्हणाली. "दोन्ही उत्तरं जशीच्या तशी संचात ठेवलीत. जो यंत्र तपासेल त्याला दोन्ही दिसतील."

डॉक्टर रादांनी पेनाचं टोपण लावलं. "मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले, आणि ती मघाची काकडी खाल्ली.

आम्हाला बाहेर काढलं, परत आत बोलावलं. गुलनूश उत्तीर्ण, तेही सर्वोच्च श्रेणीत. टाळ्या झाल्या, फुलं आली, खानमनी तिचे दोन्ही गाल चुंबले. मी मनात म्हटलं, चला, पोर बापाजवळ पोचली.

तेवढ्यात उस्ताद उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला एक आनंदाची गोष्ट सांगायचीय," ते म्हणाले. "मी हिला कळू दिलं नव्हतं. वरच्यांच्या दारात कितीदा जाऊन आलो आणि आज सकाळी मंजुरी आली. गुलनूश आता इथंच, आपल्याबरोबर काम करणार. ही प्रयोगशाळा हिचीच आहे. मी हिला कुठं जाऊ देणार नाही!"

पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. माझे हात जागच्या जागी थांबले. ही जागा त्यांनी मायेने मिळवली होती, सगळ्यांदेखत दिली होती, आणि अशा वेळी काय म्हणायचं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. छातीवर हात ठेवायचा, मान झुकवायची, आपली सावली डोक्यावर राहो म्हणायचं. एकदा म्हटलं की संपलं, मग उस्तादांचा शब्द परत फिरवायची कुणाची छाती आहे? गुलनूशने छातीवर हात ठेवला. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, म्हण बाई, म्हण हो. रोज सकाळी दार उघडलं की ही दिसते, तिचा तो अर्धवट झोपेतला सलाम ऐकल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. मला मूल नाही.

तिने मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथं आगा आणि खानम अजून हळू आवाजात नावाड्यावरून वाद घालत होते, टाळ्यांकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. तिने छातीवरचा हात खाली घेतला.

"नाही, उस्ताद," ती म्हणाली.

टाळ्या एकेक करून थांबल्या.

"मी रश्तला जाणार आहे. तिथली नोकरी मी घेतलीय. माझ्या बाबांना दिसत नाही."

"मला कधी बोलली नाहीस," उस्ताद म्हणाले. ते खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"नाही बोलले. तेव्हाच बोलायला हवं होतं."

उस्ताद हातातल्या गुलदस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "केव्हा निघणार?"

"शनिवारी सकाळच्या बसने."

मला राहवलं नाही. मी उठले, सगळ्यांच्या मधून गेले आणि तिला घट्ट धरलं. फुलं चुरगळली. मी रडत रडत तिला सांगितलं की तू जाऊ नकोस असं मला वाटतंय, फार वाटतंय.

"माहितेय, शुकूह खानम," ती माझ्या खांद्यावर म्हणाली. "पण मी जाणार."